मॉन्टेसरीची पाटी आणि मॉन्टेसरीचा वर्ग : बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगाच्या संदर्भात ग्रामीण पालकाच्या निर्णयाची चिकित्सा

गोषवारा

'मॉन्टेसरी' हे नाव आज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे. परंतु नावाबरोबर पद्धतीही पोहोचली आहे असे म्हणता येत नाही. त्यामुळे आपल्या लहान मुलाला मॉन्टेसरी शाळेत घालावे काय, हा पालकांचा प्रश्न वाटतो तितका सरळ राहत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मारिया मॉन्टेसरी यांची मूळ भूमिका, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड येथे केलेले तिचे रूपांतर आणि अलीकडील संशोधन या तीन अंगांनी केला आहे. वाशीम जिल्ह्यातील जऊळका यासारख्या गावातील पालकाची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून हे विवेचन केले आहे. साधने बदलूनही ही पद्धती टिकू शकते. परंतु मुलाची निवड, कामासाठी अखंड वेळ आणि शिक्षिकेचे निरीक्षण नाहीसे झाल्यास ती टिकत नाही, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मॉन्टेसरी पद्धती, बालवाडी, अंगणवाडी, ताराबाई मोडक, अनुताई वाघ, पालकाचा निर्णय, बोलीभाषा

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, अकोला-पूर्णा लोहमार्गावर जऊळका हे गाव आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला आणि २०१८ मध्ये केंद्र शासनाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश केला. सोयाबीन आणि तूर या पिकांवर येथील बहुतेक कुटुंबांचे वर्षाचे गणित अवलंबून असते. अशा कुटुंबातील मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की पालकांपुढे सर्वसाधारणपणे तीन वाटा असतात. गावातील अंगणवाडी ही पहिली, तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावातील इंग्रजी माध्यमाची नर्सरी ही दुसरी आणि पाटीवर 'मॉन्टेसरी' असे लिहिलेली खासगी शाळा ही तिसरी. पहिली वाट विनामूल्य आहे. उरलेल्या दोन वाटांना शुल्क, गाडीभाडे, गणवेश आणि लहान मुलाचा रोजचा प्रवास यांची किंमत द्यावी लागते. काही वेळा आईने मुलांसह गावाबाहेर खोली करून राहण्यापर्यंत ही किंमत जाते.

मोठ्या शहरातील पालकाचा निर्णय चुकला तर तो पुढील वर्षी दुसरी शाळा शोधू शकतो. जऊळक्यातील पालकाला एका हंगामाच्या उत्पन्नातून हा निर्णय घ्यावा लागतो आणि तो बदलण्याची सवड त्याला फारशी मिळत नाही. म्हणून 'मॉन्टेसरी चांगली की वाईट' असा ढोबळ प्रश्न त्याच्या उपयोगाचा नाही. मॉन्टेसरी म्हणून जे विकले जाते त्यात मॉन्टेसरीचे नेमके काय आहे आणि ते आपल्या मुलाला कोठे मिळेल, हा त्याचा खरा प्रश्न आहे. मराठी बालशिक्षणाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी भरपूर सामग्री आहे. तिच्याकडे मात्र गौरवाच्या पलीकडे जाऊन चिकित्सक दृष्टीने क्वचितच पाहिले जाते.

नावाचा प्रश्न

मराठी बोलण्यात 'मॉन्टेसरी' हे पूर्वीपासून एक सामान्यनाम झाले आहे. 'पोरगं माँटेसरीत जातं' या वाक्याचा अर्थ ते पहिलीच्या आधीच्या कोणत्या तरी वर्गात जाते, एवढाच असतो. बालवाडी, शिशुवर्ग, के. जी. आणि मॉन्टेसरी हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. हे केवळ मराठीतच घडले असे नाही. अमेरिकेत या नावाच्या हक्काचा वाद १९६७ मध्ये निकाली निघाला, तेव्हा 'मॉन्टेसरी' ही सर्वसामान्य संज्ञा असून तिच्यावर कोणा एका संस्थेची मालकी नाही, असे ठरले. मारिया मॉन्टेसरी यांनी १९२९ मध्ये स्थापन केलेली आंतरराष्ट्रीय संस्था आजही शिक्षकांना प्रशिक्षण देते. परंतु जगभर हे नाव धारण करणारी प्रत्येक शाळा त्या संस्थेशी संलग्न असतेच असे नाही.

याचा परिणाम असा की, एखाद्या शाळेच्या पाटीवरील हे नाव पालकाला त्या शाळेविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. काही शाळांत लाकडी साधनांची कपाटे असतात. पण ती पाहुणे आल्यावर उघडतात. मुले रांगेत बसून इंग्रजी मुळाक्षरे गिरवतात आणि साडेतीन वर्षांच्या मुलाच्या दप्तरात गृहपाठाची वही असते. अशा वर्गाला दुसरे काहीही म्हणता येईल, मॉन्टेसरीचा वर्ग म्हणता येणार नाही. तेव्हा नाव बाजूला सारून पद्धतीचा गाभा कोणता, हे आधी निश्चित करणे आवश्यक ठरते.

पद्धतीचे मूळ आणि तिचा गाभा

मारिया मॉन्टेसरी (१८७०–१९५२) या मुळात वैद्यक शिकलेल्या होत्या. रोममध्ये मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांवर काम करताना त्यांनी इतार आणि सेगॅं या फ्रेंच चिकित्सकांच्या साधनांचा अभ्यास केला. ज्यांना शिकवता येणार नाही असे समाजाने ठरवून टाकले होते, ती मुले हाताने वस्तू हाताळत शिकू लागली. तीच दृष्टी सर्वसामान्य मुलांच्या बाबतीत लावून पाहण्याची संधी त्यांना ६ जानेवारी १९०७ रोजी मिळाली. रोमच्या सान लोरेंझो या कष्टकरी वस्तीत, आईवडील कामावर गेल्यावर चाळीत मोकाट फिरणाऱ्या मुलांसाठी 'बालगृह' सुरू झाले. आज संपन्न वर्गाची म्हणून ओळखली जाणारी ही पद्धती गरिबांच्या चाळीत जन्मली, ही गोष्ट ग्रामीण पालकाने आणि अभ्यासकानेही विसरता कामा नये.

या पद्धतीचा गाभा चार गोष्टींत सांगता येतो. पहिली गोष्ट म्हणजे मुलाची निवड. मांडून ठेवलेल्या कामांपैकी कोणते घ्यायचे आणि किती वेळा करायचे हे मूल ठरवते. दुसरी गोष्ट अखंड वेळेची. घंटा वाजून अर्ध्या तासाने विषय बदलत नाही. कामाचा सलग कालखंड सुमारे तीन तासांचा असतो. तिसरी गोष्ट म्हणजे तीन ते सहा वयाच्या मुलांचा एकत्र वर्ग. धाकटे थोरल्याचे पाहून शिकते आणि थोरले धाकट्याला दाखवताना आपले शिक्षण पक्के करते. चौथी गोष्ट साधनांच्या रचनेची. गुलाबी मनोऱ्यातील दहा ठोकळे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जातात. त्यांचा रंग एक, आकार एक. बदलते ते केवळ आकारमान. दट्ट्यांच्या पेटीत एखादा दट्ट्या चुकीच्या खळग्यात गेला तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि चूक मुलालाच कळते. 'चुकलास' असे कोणी सांगावे लागत नाही.

या चारही गोष्टींना जोडणारा दुवा शिक्षिका होय. तिने कमी बोलावे, अधिक पाहावे, योग्य क्षणी एखादे साधन दाखवावे आणि मूल कामात रमले की बाजूला व्हावे, अशी तिच्याकडून अपेक्षा असते. हे काम फळ्यासमोर उभे राहून शिकवण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. पद्धतीचा प्रसार होताना सर्वांत आधी गळते ते हेच.

मूळ भूमिकेवरील आक्षेप

मॉन्टेसरी विचारावर प्रारंभापासून आक्षेप घेण्यात आले. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये या पद्धतीची सविस्तर परीक्षा करून साधनांचा संकुचितपणा, कल्पनाशक्तीला आणि सामूहिक खेळाला मिळणारा अपुरा वाव यांकडे लक्ष वेधले. जॉन ड्युई यांचाही आक्षेप याच दिशेचा होता : मुलाला हालचालीचे स्वातंत्र्य असले तरी साधन कसे वापरायचे हे ठरलेले असल्याने बौद्धिक स्वातंत्र्य मर्यादित राहते.

हा आक्षेप निराधार नाही. सहा वर्षांखालील मुलाचे पाय वास्तवात रोवलेले असावेत, या आग्रहापोटी मॉन्टेसरींनी परीकथांना व कल्पित गोष्टींना आपल्या वर्गात फारसे स्थान दिले नाही. आजीच्या मांडीवर चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकत वाढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही उणीव लहान नव्हे. भारतात ती प्रथम ओळखली गिजुभाई बधेका यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये सुरू झालेल्या बालमंदिरात त्यांनी मॉन्टेसरीची साधने स्वीकारली. पण त्यांच्या जोडीला गोष्ट, गाणे, नाट्य आणि भटकंती आणली. गोष्ट सांगण्याचे स्वतंत्र शास्त्र त्यांनी ग्रंथरूपाने मांडले. एखाद्या विचाराचा आदर राखूनही त्यात दुरुस्ती करता येते, याचे हे भारतीय बालशिक्षणातील पहिले ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

बोर्डी-कोसबाड : रूपांतराची कसोटी

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचा विदर्भाशी संबंध विवाहाच्या निमित्ताने आला. त्यांची काही वर्षे अमरावतीत गेली. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये तेथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९३६ मध्ये त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. येथवरचा प्रवास मध्यमवर्गीय शहरी मुलांच्या मॉन्टेसरी शिक्षणाचा होता आणि तेथेच थांबला असता, तरीही त्यांचे नाव इतिहासात राहिले असते. परंतु हे शिक्षण खेड्यातील गरीब मुलाला परवडणार कसे, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. १९४५ मध्ये त्या तत्कालीन ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) याच टप्प्यावर त्यांच्या कार्यात आल्या.

बोर्डीतील पहिला धडा साधनांविषयी नव्हता, जागेविषयी होता. मध्यवर्ती बालवाडी उघडली तरी वंचित वस्त्यांतील मुले तेथे येईनात. तेव्हा मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असा निर्णय झाला. अंगण बालवाडीची कल्पना यातून उभी राहिली. १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले, तेव्हा हाच विचार पुढे गेला. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. थोरली बहीण धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते म्हणून शाळेत येत नाही, हे ध्यानात घेऊन पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. येथे मॉन्टेसरींच्या 'सज्ज वातावरणा'चा अर्थच विस्तारला. चार भिंतींतील नीटनेटकी मांडणी एवढाच तो राहिला नाही. मुलाच्या घरची परिस्थितीही त्यात आली.

साधनांच्या बाबतीत कोसबाडने शंखशिंपले, बिया, पाने, खडे, चिकणमाती आणि बांबू यांचा आधार घेतला. या बदलाची आपल्याकडे नेहमी प्रशंसा होते. पण त्याची चिकित्साही झाली पाहिजे. नदीतील खडे गोळा करून मुलांपुढे ठेवले म्हणजे गुलाबी मनोऱ्याचे काम होत नाही. खड्यांचा रंग, वजन, आकार आणि पोत सारे एकाच वेळी बदलत असते. त्यामुळे लहान-मोठेपणाचा एकच गुण मुलाच्या हाताला वेगळा जाणवत नाही आणि चूक झाली तर ती आपोआप उघड होत नाही. याउलट एकाच जाडीच्या बांबूच्या कामट्या मापाने कापून दहा लांबींचा संच केला, तर खर्च नगण्य राहूनही साधनाचा मूळ गुण शाबूत राहतो. साधन स्वस्त असणे आणि साधन विचारपूर्वक घडवलेले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोसबाडचे यश दुसऱ्या गोष्टीत होते. अनुकरण करणाऱ्यांनी अनेकदा पहिलीच उचलली.

याहून गंभीर प्रश्न विस्ताराचा आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' देशभर पोहोचली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे सोपवल्या गेल्या. कुपोषणाच्या संदर्भात हा क्रम समजण्यासारखा आहे. परंतु नोंदवह्या, आहारवाटप आणि सर्वेक्षणे यांत सेविकेचा दिवस सरतो, तेव्हा मुलाकडे शांतपणे पाहण्याचा वेळ उरत नाही. अंगणाची कल्पना राहिली, निरीक्षण मागे पडले. खासगी मॉन्टेसरीत साधने आहेत पण स्वातंत्र्य नाही आणि अंगणवाडीत मोकळेपणा आहे पण मार्गदर्शन अपुरे आहे, अशी दुहेरी विसंगती आज जागोजागी दिसते.

संशोधन काय सांगते?

मॉन्टेसरी शाळांचे निकाल चांगले असले तरी ते शाळेमुळे की तेथे मुले घालणाऱ्या सजग पालकांमुळे, ही शंका नेहमीच घेतली जाते. तिचे निरसन करण्याचा प्रयत्न अँजेलिन लिलार्ड व निकोल एल्स-क्वेस्ट यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केला. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात प्रवेश सोडतीने दिले जात असल्याने सोडतीत नाव लागलेली व न लागलेली मुले यांची तुलना करणे शक्य झाले. पाच वर्षांच्या मॉन्टेसरी मुलांनी वाचनपूर्व कौशल्ये, गणित, स्वनियमन आणि सामाजिक समज यांत सरस कामगिरी दाखवली. अमेरिकेतील सार्वजनिक मॉन्टेसरी शाळांचा, सोडतीवरच आधारलेला व्यापक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही बालवर्गाच्या अखेरीस वाचन, स्मरण आणि स्वनियमन यांत लाभ आढळला आणि प्रत्येक मुलामागील खर्च नेहमीच्या वर्गापेक्षा कमी असल्याचे दिसले. फ्रान्समधील वंचित वस्तीतील बालशाळांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र अधिक संयत आहे : तेथे वाचनात लाभ दिसला, गणित, स्वनियमन व सामाजिक कौशल्ये यांत दोन्ही गट सारखेच राहिले.

पालकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो लिलार्ड यांचा २०१२ मधील अभ्यास. त्यात मूळ पद्धतीशी प्रामाणिक असलेले वर्ग, इतर खेळसाहित्य व स्वाध्यायपत्रे मिसळलेले 'मॉन्टेसरी' वर्ग आणि पारंपरिक वर्ग अशी तिहेरी तुलना होती. वर्षभरातील प्रगती पहिल्या गटात अधिक आढळली. अर्थात, लाभ नावाचा नसून वर्गात प्रत्यक्ष काय घडते त्याचा आहे.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळणे योग्य नव्हे. या अभ्यासातील 'प्रामाणिक' वर्गात मॉन्टेसरींचीच साधने होती. मग ती बदलणारे कोसबाड अप्रामाणिक ठरते काय? माझ्या मते, मिसळ आणि रूपांतर यांत भेद केला पाहिजे. स्वाध्यायपत्रिका, गृहपाठ आणि बक्षिसे आली की मुलाची निवड व एकाग्रता भंगते. ही मिसळ होय. कोसबाडने निवड, मिश्र वय आणि निरीक्षण कायम ठेवून साधनांचे द्रव्य बदलले आणि गाणी-गोष्टींची भर घातली. हे रूपांतर होय. अमेरिकेतील शहरी मुलांवरील निष्कर्ष जऊळक्यातील मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत हे खरे. परंतु मिसळीने पद्धती क्षीण होते, हा इशारा येथेही तितकाच लागू पडतो.

भाषा आणि अंक

मॉन्टेसरी पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवते आणि त्याच वेळी त्या अक्षराचा ध्वनी उच्चारते. ध्वनी आणि अक्षर यांचा मेळ बव्हंशी निश्चित असलेल्या मराठीसाठी ही रीत अत्यंत अनुकूल आहे. इंग्रजीत एकच अक्षर अनेक ध्वनी दाखवते. त्यामुळे घरी कानावर न पडणारी भाषा आणि बेभरवशाचे वर्णलेखन असे दुहेरी ओझे तीन वर्षांच्या मुलावर पडते. तथापि मराठीतही काही विशेष अडचणी आहेत. 'कि' उच्चारताना क आधी येतो; लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी येते. इटालियन भाषेसाठी रचलेल्या क्रमात याची सोय नाही. ती मराठी शिक्षिकेलाच करावी लागते.

वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाची आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या तोंडी 'डोळा' हा 'डोया' असतो आणि 'काळा' हा 'काया' असतो. शिक्षिकेने 'ळ' अक्षर दाखवले की त्याला आपल्या घरच्या शब्दात तो ध्वनी सापडत नाही. अशा वेळी 'नीट बोल' असे दरडावणारी शिक्षिका मुलाच्या मनात लाज पेरते. 'घरी डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितो' असे सहज सांगणारी शिक्षिका त्याला दोन्ही रूपे देते. कोणत्याही महागड्या साधनापेक्षा हा फरक मोठा आहे.

अंकांच्या बाबतीतही असेच आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी येतो. 'एकोणतीस' हे नाव तर पुढच्या तीसवरून पडते. या गुंतागुंतीवर उपाय म्हणून बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन दिले गेले, तेव्हा २०१९ मध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला. मॉन्टेसरींच्या मण्यांत याचे शांत उत्तर आहे. दहा मण्यांच्या दोन माळा आणि पाच सुटे मणी मुलाच्या हाती आले की, नाव कसेही उच्चारले तरी संख्या त्याला दिसते. असा संच चिंचोके आणि दोरा यांतूनही अंगणवाडीत तयार होऊ शकतो.

पालकाचा निर्णय

वरील विवेचनाच्या आधारे पालकाने काय पाहावे, हे सांगता येते. शाळेत सकाळच्या कामाच्या वेळी निदान अर्धा तास एका कोपऱ्यात बसू द्यावे, अशी विनंती करावी. बसू दिले नाही तर तेही एक उत्तरच होय. बसू दिल्यास मुले काम स्वतः निवडतात काय, एकच काम पुनःपुन्हा करू दिले जाते काय, काम झाल्यावर साधन जागेवर ठेवले जाते काय, निरनिराळ्या वयांची मुले एकत्र आहेत काय, शिक्षिकेचा आवाज वर्गभर घुमतो की ती एकेका मुलाजवळ बसून हळू बोलते, हे पाहावे. साधनांवर हातांचे डाग आहेत की ती नवीकोरी आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. शिक्षिकेने प्रशिक्षण कोठे व किती काळ घेतले, हे विचारण्यात संकोच करू नये.

मूल शांत असेल तर मॉन्टेसरी योग्य आणि खोडकर असेल तर अयोग्य, असा एक समज आहे. ज्या पद्धतीचा उगम अशिक्षणीय मानलेल्या मुलांच्या उपचारात झाला, तिच्याविषयी हा समज टिकत नाही. एकाच खेळात रमणारे, थांबवले की रडणारे मूल अखंड वेळेच्या वर्गात फुलते. सतत धावणाऱ्या मुलालाही पाणी ओतणे, झाडणे, वजन उचलून नेणे या कामांतून हालचालीला दिशा मिळते. गोष्टी आणि सोंगाढोंगाचे खेळ यांची ज्याला विशेष ओढ आहे, अशा मुलाच्या पालकाने मात्र त्या शाळेत गाणी-गोष्टींना वेळ आहे काय, हे आवर्जून पाहावे. नसल्यास ती भर घरी घालावी लागेल.

कालावधीचाही विचार हवा. मॉन्टेसरी वर्ग तीन वर्षांच्या चक्रावर रचलेला असतो. तिसऱ्या वर्षी मूल थोरले होते आणि आधीच्या दोन वर्षांची गुंतवणूक फळाला येते. पहिलीसाठी सहा वर्षांची अट असल्याने हे चक्र पूर्ण करण्यास आता अडचण नाही. एकच वर्ष ठेवून 'पुढे इंग्रजी शाळेत घालायचेच आहे' असा बेत असेल, तर जास्तीचे शुल्क देण्यात फारसे हशील नाही.

शेवटी घराचा विचार. शहरातील मॉन्टेसरी वर्गात एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात डाळ ओतण्यासाठी खास तबके मांडावी लागतात. जऊळक्यातील घरात तुरीच्या शेंगा सोलणे, धान्य निवडणे, अंगण झाडणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही खरीखुरी कामे रोज चाललेली असतात. मुलाला त्यांत आपल्या गतीने, आपल्या मापाच्या भांड्यांसह सहभागी होऊ दिले, तर मॉन्टेसरींच्या 'जीवनव्यवहारा'चा मोठा भाग विनामूल्य साधतो. मात्र मूल स्वतःच्या ओढीने जे करते ते काम शिक्षण ठरते. घरची गरज म्हणून ते त्याच्यावर लादले तर ती मजुरी होते. कुरणशाळा काढावी लागली ती याच दुसऱ्या वास्तवामुळे, हे विसरून ग्रामीण बालपणाचे गोडवे गाणे योग्य नव्हे.

गावातील अंगणवाडीकडेही याच निकषांनी पाहिले पाहिजे. मिश्र वय, मातृभाषा, घराजवळची जागा या तीन गोष्टी तिच्याजवळ आधीच आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा उपक्रम सुरू झाला. कागदावर शिक्षणाचे स्थान पुन्हा वर आले आहे. ते प्रत्यक्षात येण्यासाठी सेविकेला रोज दोन अखंड तास केवळ मुलांसाठी मिळाले पाहिजेत. ही मागणी पालकांनी ग्रामसभेत एकत्रितपणे करावी. खासगी शाळेच्या गाडीभाड्याइतकी रक्कम काही कुटुंबांनी मिळून साधनांसाठी जमवली, तर तिचा लाभ गावातील सर्वच मुलांना होईल.

निष्कर्ष

१. 'मॉन्टेसरी' हे नाव शाळेच्या गुणवत्तेचा पुरावा नाही; निर्णय वर्गाच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारावा.

२. मुलाची निवड, अखंड वेळ, मिश्र वय आणि निरीक्षण करणारी शिक्षिका हा पद्धतीचा गाभा होय. त्याला धक्का न लावता साधनांचे द्रव्य बदलता येते, हे बोर्डी-कोसबाडने दाखवले. मात्र स्थानिक साधनही मूळ साधनाइतक्याच काटेकोरपणे घडवावे लागते.

३. कल्पनाविश्व आणि गोष्ट यांबाबतची मूळ पद्धतीतील उणीव भारतीय प्रयोगांनी भरून काढली आहे. आजच्या शाळेनेही ती भरून काढली पाहिजे.

४. वऱ्हाडी घरातील मुलासाठी मातृभाषेतून, बोलीचा मान राखून होणारे शिक्षण हे मॉन्टेसरी तत्त्वांशी सुसंगत आहे. इंग्रजी पाठांतराचा वर्ग, त्याचे नाव काहीही असो, तसा नाही.

५. जवळपास प्रामाणिक मॉन्टेसरी वर्ग असेल, तीन वर्षांचा खर्च कुटुंबाला ओढाताण न होता पेलणार असेल आणि प्रवास मुलाला थकवणारा नसेल, तर तो अवश्य निवडावा. या तिन्हींपैकी एकही अट पुरी होत नसेल, तर गावातील अंगणवाडी व घर यांकडेच लक्ष व पैसा वळवणे अधिक हितावह ठरेल.

ताराबाई मोडकांनी दादरहून बोर्डीला जाताना मॉन्टेसरी सोडली नाही. तिला पुन्हा गरिबांच्या वस्तीत नेले. जऊळक्यातील पालक जेव्हा शाळेच्या दारात उभा राहून आत काय चालले आहे हे पाहण्याचा आग्रह धरील, तेव्हा तो त्याच परंपरेला अनुसरत असेल.